भार हरपलेले शरीर

९ जून १९७० रोजी सोयूझ-९ या यानातून आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव हे दोन सोव्हिएत अंतराळवीर जमिनीवरच्या सहकाऱ्यांशी बुद्धिबळाचा डाव खेळले. खाली निकोलाय कामानिन आणि व्हिक्टर गोर्बात्को पट मांडून बसले होते, चाली रेडिओवरून कळवल्या जात होत्या. डाव बरोबरीत सुटला. म्हणजे वरच्या दोघांची बुद्धी तल्लख होती, स्मरणशक्ती शाबूत होती, कंटाळा घालवण्याइतका उत्साहही होता. दहा दिवसांनी, १९ जूनला, हेच दोघे कझाकस्तानच्या गवताळ मैदानावर उतरले तेव्हा त्यांना आपल्या पायांवर उभे राहता येईना. आधार देऊन त्यांना यानाबाहेर काढावे लागले. अंथरुणावर पडल्या पडल्याही सगळे अंग जड वाटत होते. धडपणे चालता यायला कित्येक दिवस गेले. प्रवास होता जेमतेम १८ दिवसांचा. पण तोवर इतके दिवस कुणीच वर राहिलेले नव्हते.

निकोलायेव नवखे नव्हते. १९६२ साली व्होस्तोक-३ मधून ते जवळजवळ चार दिवस फिरून आले होते आणि खुटखुटीत परतले होते. म्हणून डॉक्टर जास्तच गोंधळले. यानात असताना दोघांचीही मोठी तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती घरी आल्यावर. ही एकच गोष्ट नीट समजावून सांगता यावी म्हणून मी हे पुस्तक लिहिले आहे. अवकाशात माणसाचे शरीर बिघडते असे आपण सरसकट म्हणतो. माझे म्हणणे वेगळे आहे. तिथे शरीर तिथल्या परिस्थितीला अगदी योग्य तेच करते, आणि ते इतक्या चोखपणे करते की पृथ्वीवर परतल्यावर त्याची पंचाईत होते.

मी हाडांचा डॉक्टर. खुब्याचे हाड मोडून आलेली म्हातारी माणसे हे माझे रोजचे काम. रॉकेटशी माझा संबंध यायचे तसे कारण नाही. पण अंतराळवीरांच्या हाडांवरचे शोधनिबंध वाचू लागलो तेव्हा त्यांत मला माझ्याच वॉर्डातले रुग्ण दिसू लागले. तो धागा पुढे येईलच.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेला असतो. अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, असे आपण धरून चालतो. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते आणि तिथे पृथ्वीची ओढ इथल्या जवळजवळ ९० टक्के असते. पण स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे धावते आणि धावता धावता सतत पृथ्वीकडे पडत राहते. त्याच्यासोबत आतला माणूस पडतो, त्याची खुर्ची पडते, त्याच्या पोटातले अन्नही पडते. सगळेच एका वेगाने पडत असल्यामुळे कुणीच कुणाला रेटत नाही. आपल्याला वजन जाणवते ते पृथ्वी ओढते म्हणून नव्हे, तर जमीन खालून रेटते म्हणून. टाचेपासून मणक्यांपर्यंत प्रत्येक हाड तो रेटा जन्मभर झेलत असते. नाहीसा होतो तो हा रेटा.

१९६१ पूर्वी डॉक्टरांना भलत्याच भीती होत्या. वजन नसताना घास गिळता येईल का? डोळ्यांचा आकार बदलून दिसेनासे तर होणार नाही? २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरले तेव्हा त्यांच्यासमोर नजर तपासायचा छोटा तक्ता लावलेला होता आणि नळीतून सफरचंदाचा गर खाऊन दाखवणे हाही कामाचा भाग होता. घास व्यवस्थित गिळला गेला, अक्षरे दिसली. त्याआधी युरी गागारिन १०८ मिनिटांत जाऊन आले होते आणि त्यांना काही झाले नव्हते. पहिला इशारा मिळाला तो ऑगस्ट १९६१ मध्ये गेरमान तितोव यांच्याकडून. ते दिवसभराहून थोडा अधिक वेळ वर राहिले आणि त्यांना मळमळले, उलटी झाली. तेव्हा त्यांना सव्विसावे वर्षही पुरे झालेले नव्हते, आणि ते लढाऊ विमानांचे वैमानिक होते. आज आपल्याला माहीत आहे की वर जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पहिले दोन-तीन दिवस असे होते. आपल्या आतल्या कानात चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात. ते खाली दबतात त्यावरून मेंदूला वर-खाली कळते. वजनच गेले की ते दबत नाहीत. डोळे एक सांगतात, कान दुसरेच. काही दिवसांनी मेंदू कानाकडे लक्ष देणे सोडून देतो आणि मळमळ थांबते. माणूस परत येतो तेव्हा मात्र मेंदूला पुन्हा कानाचे ऐकायला शिकावे लागते. लांबच्या मुक्कामानंतर अंतराळवीर डोळे मिटून सरळ रेषेत चालू शकत नाहीत, वळताना भिंत धरतात, त्याचे कारण हे.

हाच क्रम पुढे प्रत्येक अवयवात दिसतो. शरीरातल्या पाण्याचे घ्या. आपण उभे असतो तेव्हा रक्त पायांकडे ओढले जाते आणि ते वर ढकलण्यासाठी पायांच्या शिरांना झडपा आहेत, पोटऱ्यांचे स्नायू आहेत. वजन गेले की ही सगळी यंत्रणा रक्त वर ढकलत राहते, खाली ओढणारे मात्र कुणी उरत नाही. पहिल्या काही तासांतच चेहरा सुजतो, नाक चोंदते, मानेच्या शिरा फुगतात आणि पाय बारीक होतात. छातीतल्या रक्तवाहिन्यांना वाटते की शरीरात पाणी फार झाले. मग तहान कमी होते, आणि रक्तातला पातळ भाग काही दिवसांत दहा ते पंधरा टक्क्यांनी घटतो. तिथे तेवढे रक्त पुरते. माणूस परतून उभा राहिला की तेच रक्त धपकन पायांत उतरते आणि मेंदूला अपुरे पडते. डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून परतीच्या आधी अंतराळवीर मीठ आणि पाणी घेतात, पाय आवळून धरणारा पोशाख घालतात. नाक चोंदल्यामुळे जेवण बेचव लागते हा त्यातलाच एक भाग. तिखट सॉसला तिथे मोठी मागणी असते.

हाडांबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार. हाड ही मेलेली वस्तू नव्हे. त्यात काही पेशी जुने हाड रोज कुरतडत असतात आणि दुसऱ्या पेशी रोज नवे बांधत असतात. कुठे बांधायचे हे ठरते भारावरून. जिथे रेटा पडतो तिथे बांधकाम होते. रेटा थांबला की कुरतडणे चालू राहते आणि बांधणे मंदावते. माणसाने रिकाम्या खोलीतला दिवा मालवावा तसा शरीर तो खर्च बंद करते. अंतराळात खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्का कमी होते. रजोनिवृत्तीनंतर एखाद्या बाईच्या हाडांची वर्षभरात साधारण जेवढी झीज होते, तेवढी इथे महिन्यात. कवटीवर एरवीही भार नसतो, तिला फारसे काही होत नाही. निघालेले कॅल्शियम लघवीवाटे जाते आणि मुतखड्याचा धोका वाढतो. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १७ अंतराळवीरांची नडगीची हाडे जाण्याआधी आणि आल्यानंतर तपासली. त्यांचा २०२२ चा निबंध मी अनेकदा वाचला आहे. परतून वर्ष झाल्यावरही १७ पैकी ९ जणांचे हाड पूर्ववत झाले नव्हते. हाडाच्या आत जाळी असते, तिच्यातला एखादा बारीक धागा पूर्ण तुटला की उरलेले धागे जाड होऊ शकतात, पण तुटलेला पुन्हा जोडला जात नाही. घनतेचा आकडा भरून निघाला तरी हाडाची रचना पहिल्यासारखी राहत नाही. घनतेच्या एका आकड्यावर समाधान मानणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी हे ध्यानात घ्यावे.

यावर उपाय म्हणजे व्यायाम. स्थानकात रोज सुमारे दोन ते अडीच तास त्यासाठी राखलेले असतात. सरकत्या पट्ट्यावर पळायचे तर खांद्या-कमरेला पट्टे बांधून शरीर खाली खेचून धरावे लागते. वजने उचलून उपयोग नाही, कारण तिथे वजनच नाही. म्हणून निर्वात नळकांड्यांचा जोर लावणारे यंत्र बनवले गेले. ते आल्यापासून, पुरेसे जेवण आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची जोड देऊन, हाडांची झीज बरीच आटोक्यात आली. सोयूझ-९ च्या प्रवाशांजवळ अशी यंत्रे नव्हती. शरीराला भाराच्या जागी काय द्यावे, हे कळायला पुढची चाळीस वर्षे लागली.

रक्ताच्या बाबतीत एक चांगला शोध अलीकडचा आहे. अंतराळवीरांना रक्तक्षय होतो हे जुने निरीक्षण. पण तो पहिल्या आठवड्यापुरता, पातळ भाग घटला म्हणून पेशींचे प्रमाण जुळवून घेण्यापुरता, असे मानले जाई. ओटावाच्या गी त्र्युदेल यांनी १४ अंतराळवीरांच्या उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला. तांबड्या पेशीतले द्रव्य मोडताना तो वायू ठरावीक प्रमाणात सुटतो, म्हणजे श्वास तपासून किती पेशी मोडल्या ते सांगता येते. पृथ्वीवर आपल्या शरीरात सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी मोडतात आणि तेवढ्याच तयार होतात. अंतराळात सेकंदाला ३० लाख मोडत होत्या, आणि तेही सहा महिने, मुक्काम संपेपर्यंत. २०२२ साली हे प्रसिद्ध झाले. श्वासावरून रक्ताचा हिशेब लावण्याची ही कल्पकता मला फार आवडली, म्हणून तिच्यासाठी पुढे स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

डोळ्यांचे प्रकरण डॉक्टरांना सगळ्यात उशिरा कळले. जवळचे वाचायला त्रास होतो असे परतलेले लोक सांगत; ते वयाचे म्हणून सोडून दिले जाई. २०११ च्या सुमारास नीट तपासण्या झाल्या तेव्हा दिसले की डोळ्याच्या गोलाची मागची बाजू चपटी होते आणि मेंदूकडे जाणारा मज्जातंतू मुळाशी सुजतो. कारण अजून वादात आहे. डोक्याकडे सरकलेले पाणी त्यात गुंतलेले असावे, असा बहुतेकांचा कल आहे. चाळिशी ओलांडलेल्या अंतराळवीरांसोबत आता जादा नंबरचे चष्मे पाठवतात.

मानेतल्या रक्ताची गोष्ट तर एखाद्या कथेत शोभावी अशी. एका अंतराळवीराच्या मानेची सोनोग्राफी केवळ संशोधनासाठी चालली होती. मोहिमेला दोन महिने झाले होते, त्रास काही नव्हता. चित्रात दिसले की मानेतल्या मोठ्या नीलेत रक्ताची गुठळी आहे. जमिनीवर अशा रुग्णाला आपण लगेच दाखल करतो. इथे रुग्ण ४०० किलोमीटर वर, औषधपेटीत रक्त पातळ करणारी थोडीशी इंजेक्शने, आणि रक्तस्राव झालाच तर उतारा नाही. पृथ्वीवरच्या तज्ज्ञाने सल्ला दिला, मात्रा बेताने वापरायला सांगितली, कारण गोळ्या घेऊन मालवाहू यान यायला अवकाश होता. अंतराळवीर स्वतःच स्वतःची सोनोग्राफी करत राहिला आणि खालचे डॉक्टर पडद्यावर पाहून प्रोब कुठे धरायचा ते सांगत राहिले. पुढे गोळ्या पोचल्या, मोहीम पुरी झाली, रुग्ण सुखरूप परतला. जानेवारी २०२० मध्ये हे वृत्त छापले गेले तेव्हा रुग्णाचे नाव, इतकेच काय स्त्री की पुरुष हेही सांगितले नव्हते, आणि ते योग्यच झाले. त्याआधीच्या पाहणीत ११ पैकी ६ जणांच्या मानेत रक्त साचलेले किंवा उलटे वाहताना दिसले होते. डोक्याकडून रक्त खाली यायला आपल्याला उभे असण्याची किती मदत होते, हे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत इतके ठळक लिहिलेले नव्हते.

इथे वर्तमानपत्रांबद्दल आणि वाहिन्यांबद्दल थोडे बोलणे भाग आहे. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर राहिले आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क जमिनीवर. दोघांची तुलना करणारा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, पण त्याच्या आदल्या वर्षीच जगभर बातम्या झळकल्या की स्कॉट यांचा सात टक्के डीएनए बदलला आणि आता दोघे भाऊ जुळे उरले नाहीत. तसे काही नव्हते. जनुके तीच होती. त्यांतली काही कमी-जास्त प्रमाणात कामाला लागली होती आणि त्यांतली बहुतेक परतल्यावर पूर्ववत झाली, सुमारे सात टक्के तेवढी झाली नाहीत. सुनीता विल्यम्स यांच्या बाबतीत तर आपल्याकडे कहरच झाला. जून २०२४ मध्ये थोड्या दिवसांसाठी गेलेल्या त्या आणि बुच विल्मोर २८६ दिवसांनी परतले. मधल्या काळात त्यांच्या चेहऱ्याच्या छायाचित्रांवरून त्या खंगल्या आहेत, अशी चर्चा रंगली. आपले वजन तेवढेच आहे, शरीरातले द्रव सरकल्यामुळे आणि व्यायामामुळे अंगकाठी वेगळी दिसते आहे, हे त्यांना वरून स्वतः सांगावे लागले. मार्च २०२५ मध्ये उतरल्यावर त्यांना स्ट्रेचरवरून नेले ते आजारी म्हणून नव्हे. लांबच्या मुक्कामाहून आलेल्या प्रत्येकाला तसेच नेतात. ज्याचे रक्त कमी आहे आणि कान अजून जागेवर आलेला नाही, त्याला लगेच चालायला लावणे हाच धोका असतो.

आता वॉर्डातल्या म्हाताऱ्यांकडे येतो. अंतराळातून परतलेल्या सोव्हिएत प्रवाशांना सपाट पलंगावर पायांकडे घसरत असल्यासारखे वाटे. डोक्याकडची बाजू खाली केली की बरे वाटे. यातून एक पद्धत जन्मली: निरोगी माणसाला डोके सहा अंश खाली ठेवून पलंगावर झोपवायचे आणि उठू द्यायचे नाही. जेवण, अंघोळ, शौच, सगळे तसेच. पाणी डोक्याकडे सरकते, पायांवरचा भार जातो आणि शरीरात जवळजवळ तेच बदल होतात जे अंतराळात होतात. जर्मनीत कोलोनला स्वयंसेवक असे साठ-साठ दिवस पडून राहिले आहेत. मॉस्कोत १९८६-८७ मध्ये हा प्रयोग ३७० दिवस चालला. धडधाकट तरुण माणसांच्या मांड्या आणि पोटऱ्या काही आठवड्यांत उतरल्या, हाडे विरळ झाली, उभे केल्यावर भोवळ आली. त्यांना कोणताही आजार नव्हता. त्यांनी फक्त विश्रांती घेतली होती.

आपल्या घरांत आजारी म्हाताऱ्याला प्रेमाने जे दिले जाते ते हेच. ‘आजी, तुम्ही पडून राहा, हलू नका, सगळे जागेवर आणून देतो.’ दोन महिन्यांनी आजीला उठवायला जावे तर पाय धरत नाहीत, आणि सगळे म्हणतात की आता वयच झाले. वय असतेच, पण त्यातला मोठा वाटा त्या दोन महिन्यांचा असतो. ऐंशी वर्षांच्या बाईला पंचवीस वर्षांच्या अंतराळवीराइतका उरलेला साठा नसतो, म्हणून तिचे पलंगावरचे आठ दिवससुद्धा महाग पडतात. खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यावर शक्य तर दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन उभे करायचे, हा आमचा आग्रह नातेवाइकांना निर्दय वाटतो. त्यांनी पलंगाचे प्रकरण वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाटल्यास बाकीचे पुस्तक नंतर वाचा.

भारताचा या शास्त्राशी संबंध जुना आहे. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून सॅल्यूत-७ वर गेले. वजन नसताना योगासनांचा उपयोग होतो का, हे तपासणे त्यांच्या कामांपैकी एक होते. त्याच वेळी त्या स्थानकावर ओलेग आत्कोव हे हृदयरोगतज्ज्ञ मुक्कामाला होते. नंतर जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर १८ दिवस राहून आले. त्यांच्या प्रयोगांत बंगळूरूच्या संस्थेने पाठवलेल्या स्नायूंच्या मूळ पेशी होत्या, आणि मूग व मेथीची मोड आणायची बीजेही. परतल्यावर हातातला फोन फार जड वाटला, असे त्यांनी सांगितले. सोयूझ-९ इतकेच, अठरा दिवस. पण व्यायामाची साधने सोबत होती आणि ते चालते-बोलते घरी आले.

किरणांबद्दल मी पुस्तकात थोडेच लिहिले आहे, कारण तिथे माझा अधिकार कमी. पण एक तुलना सांगितली पाहिजे. पृथ्वीवर नैसर्गिक किरणोत्सार वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट. क्युरिऑसिटी यान २०११-१२ मध्ये मंगळाकडे जात असताना त्यातल्या यंत्राने मोजलेला आकडा होता दिवसाला सुमारे १.८. अपोलोच्या प्रवाशांना मिटल्या डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके चमकताना दिसत, ते या किरणांतलेच कण डोळ्यांतून आरपार जाताना. ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर मोठे वादळ झाले तेव्हा अपोलो-१६ येऊन गेले होते आणि अपोलो-१७ निघायचे होते. त्या आठवड्यात चंद्राच्या वाटेवर कुणी नव्हते, यात कुणाचेही नियोजन नव्हते.

शेवटचे प्रकरण मंगळाचे आहे. ते लिहिताना माझ्यासमोर वालेरी पोल्याकोव होते. ते स्वतः डॉक्टर. जानेवारी १९९४ ते मार्च १९९५ असे ४३७ दिवस ते मीर स्थानकात राहिले, एका दमात इतका काळ आजवर दुसरे कुणी राहिलेले नाही. उतरल्यावर त्यांना उचलून न्यायला माणसे तयार होती, पण ते यानातून निघून जवळच्या खुर्चीपर्यंत चालत गेले. इतक्या दिवसांच्या प्रवासानंतर मंगळावर उतरणारा माणूस काम करू शकेल, हे त्यांना दाखवायचे होते. तिथे यानाचे दार उघडायला बाहेर कुणी नसणार. मात्र मंगळाची ओढ पृथ्वीच्या ३८ टक्केच आहे, आणि ती पुरेल का हे पोल्याकोव यांच्या चालण्यातून कळत नाही. अर्धवट भाराचा माणसाला आलेला सगळ्यात मोठा अनुभव म्हणजे अपोलो-१७ चे दोघे डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावर राहिले ते ७५ तास. त्यापुढचे उत्तर सध्या उंदरांकडून येते. जपानी शास्त्रज्ञांनी स्थानकात फिरत्या यंत्रात उंदीर ठेवून त्यांना चंद्राइतका, म्हणजे एक-षष्ठांश भार दिला. त्यांच्या पायांच्या स्नायूंचा आकार टिकला. पण स्नायूंतले दमाने, सावकाश काम करणारे तंतू झटपट थकणाऱ्या तंतूंमध्ये बदलत होते, ते त्या भाराने थांबले नाही. आकार टिकायला एक भार पुरतो आणि स्वभाव टिकायला त्याहून अधिक लागतो. मंगळाचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठे पडतो, यावर तिथे जाणाऱ्यांचा रोजचा व्यायाम, यानाचा आकार आणि मुक्कामाची लांबी ठरेल.